डबीवरचे उजेड

लायटिंगच्या धंद्यात माळेपेक्षा डबी महत्त्वाची. डबी म्हणजे माळेच्या टोकाला असलेली, आगपेटीपेक्षा जरा मोठी प्लॅस्टिकची पेटी. तिच्यावर एक बटण असतं. ते दाबलं की उजेडाची चाल बदलते. आठ चाली असतात आणि आठांची नावं डबीच्या पाठीवर इंग्रजीत छापलेली असतात, अक्षर मुंगीच्या पायाएवढं. अकोल्यात मंडपाच्या लायटिंगचं दुकान मी कितीतरी वर्षं चालवलं, आणि त्यातली बरीचशी वर्षं मला ती नावं वाचता येत नव्हती.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळा होती, मला पाठवलं नाही. नवरा लायटिंगचं काम करायचा. तो गेला तेव्हा गोदामात माळा, झालरी, फोकस, एक जनरेटर आणि गफूरभाई नावाचे वायरमन एवढं शिल्लक होतं. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. घेणार कोण, ते कुणी सांगितलं नाही. म्हणून दुकानात बसले. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, दुसरं काही सुचलं नव्हतं.

तेव्हा नावांची गरजही नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं, चालू लाईट की बंद लाईट. चालू म्हणजे पळणारी, लुकलुकणारी. बंद म्हणजे नुसती पेटून राहणारी. बाहेरच्या माणसाला हसू येतं की पेटलेल्या लाईटला बंद काय म्हणता. पण आमच्या धंद्यात जी हलत नाही ती बंद. गफूरभाई बटण दाबत जायचे आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून म्हणायचं, हे नाही, हे नाही, हां, हेच राहू द्या.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. मुली व्हिडिओ घेऊन दुकानात यायला लागल्या. मला ट्विंकल पाहिजे, मला वॉर्म ग्लो पाहिजे, मागं ग्लिटर पाहिजे, स्टेजवर शिमर पाहिजे. मी मान डोलवायची आणि गफूरभाईंकडं बघायची. ते माझ्याकडं बघायचे. नागपूरचा ठोक व्यापारीही फोनवर नावानंच माल विचारायचा. एकदा तो म्हणाला, फ्लिकरवाले नए आए हैं, भेजूँ क्या. मला वाटलं, फ्लिकर आणि ट्विंकल एकाच घरचे असतील. म्हटलं, पाठवा.

आले ते ज्योतीच्या आकाराचे बल्ब. एका घरी साक्षगंध होतं, साखरपुड्याला आमच्याकडं तसं म्हणतात, तिथं आम्ही ते लावले. तासाभरात घरमालकाचा फोन आला, तुमची लाईन लूज आहे, बल्ब थरथरतात, पाहुणे यायच्या आत नीट करा. गफूरभाई गेले, दुपारभर एकेक जोड तपासला, घामानं निथळून परत आले आणि म्हणाले, "भाभी, जोड तो सब टाईट है. ये बल्बही डरपोक है."

बल्ब चांगलेच होते. थरथरणं हेच त्यांचं काम होतं. पण साक्षगंधाच्या घरी थरथरता उजेड कुणाला पाहिजे.

त्या रविवारी मी एक डबी आणि एक डरपोक बल्ब पिशवीत घालून अमरावतीला गेले. माझी मुलगी कुंदा राजापेठेत शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवते. ती चांगली शिकवते. अर्थ सांगून मोकळी होत नाही, उलटे प्रश्न विचारते, त्याचा मला राग येतो. मी डबी तिच्यापुढं ठेवली आणि म्हटलं, ट्विंकल अन् फ्लिकर एकच तं हाये, दोन्ही लुकलुकतात.

ती म्हणाली, "आई, चांदणी लुकलुकते तेव्हा तुले असं वाटते काय, की हे आता विझते?"

मी म्हटलं, नाही.

"अन् घासलेटची चिमणी वाऱ्यात फडफडते तेव्हा?"

"तेव्हा हात आडवा धरावा वाटते."

"तं झालं. पहिलं ट्विंकल, दुसरं फ्लिकर."

एवढ्यात मला जे कळलं ते नागपूरच्या व्यापाऱ्याला दहा फोन करूनही कळलं नसतं. मग बाकीचेही तिनं असेच काढून घेतले. ग्लो म्हणजे राखेखालचा निखारा. तो उजेड फेकत नाही, स्वतःच लाल असतो. फ्लॅश म्हणजे वीज, एकदा झाली की मोकळी. फेड म्हणजे कंदिलाची वात खाली केल्यासारखं. शिमरला तिला वेळ लागला. शेवटी म्हणाली, मे महिन्यात मूर्तिजापूरच्या रोडवर भर दुपारी लांब पाणी हलल्यासारखं दिसते का नाही, तसं. ग्लिटर म्हणजे लाईट नव्हेच. ती चमकीची गोष्ट आहे. उजेड एकीकडून येतो आणि चमकते दुसरीच वस्तू. समोरून ट्रकचा उजेड डोळ्यावर येतो त्याला ग्लेअर. घासलेली पाण्याची पितळी गुंडी दिसते त्यालाही तिच्याकडं एक शब्द होता, पण तो डबीवर नव्हता आणि धंद्याच्या कामाचा नव्हता, मी तो सोडून दिला. डबीवर एका चालीला ट्विंकल फ्लॅश असं जोडनाव होतं. मी विचारलं, चांदणी अन् वीज एका जागी कशी. ती म्हणाली, डबीवाल्यालेच इंग्रजी येत नसन.

पुढं मी गिऱ्हाइकाला नाव विचारणं सोडलं. चांदणीसारखं पाहिजे, निखाऱ्यासारखं पाहिजे का विजेसारखं, असं विचारायची. भांडणं कमी झाली. अगदी बंद झाली नाहीत. एका गणेश मंडळानं ग्लिटर सांगितलं, आम्ही मागं चमकीचा पडदा लावला. ते म्हणाले, आम्हाला पळती लाईट पाहिजे होती. मी म्हटलं, मग पळती म्हणायचं. एक रिटायर झालेले गृहस्थ दर लग्नाला भाड्यानं मंद उजेड न्यायचे, कारण घराच्या भिंतीला भेगा होत्या आणि सोयऱ्यांना त्या दिसू द्यायच्या नव्हत्या. रिद्धपूरकडच्या एका बाईंनी सांगितलं की आमच्या नामस्मरणाच्या कार्यक्रमात उजेड हलला नाही पाहिजे, मन हलते. ते मला पटलं. असं स्पष्ट सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं.

आता ज्या लग्नाचं सांगायला बसले ते सांगते. यातली गावं मी बदलली आहेत, परतवाडा म्हणते तिथं परतवाडा नाही. नावं तर देतच नाही. कुणी शोधू नये.

एका दुपारी एक बाई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी दुकानात आल्या. घर अकोल्यातलंच. मुलगी औषधशास्त्र शिकून एका मेडिकलमध्ये नोकरी करत होती. आईच बोलत होती. साधी लाईट पाहिजे, जास्त भपका नको, मुलीला आवडत नाही. मी माळा दाखवायला गफूरभाईंना हाक मारणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, त्यांना बोलावू नका.

मग तिनं सरळ सांगितलं. "काकू, मले फिट येतात. लहानपणापासून. गोळ्या चालू हायेत, बरेच दिवसांत आली नाई. पण लाईट भराभरा लुकलुकली तं येऊ शकते."

आई म्हणाली, हळू बोल.

मी विचारलं, पोराकडच्यांना माहीत आहे का. आईनं रस्त्याकडं पाहिलं. नाही म्हणाली. मी म्हटलं, सांगून टाका. त्यावर ती बाई माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मागच्या जागी सांगतलं होतं. साक्षगंध झाल्यावर मोडलं त्यायनं. अन् कारण साऱ्या गावात सांगतलं. आता तुमी सांगा, मी काय करू."

मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला गोळ्या लपवून कसं राहणार. पण मोडलेल्या लग्नाची मुलगी घरात ठेवून पाहिली की पटणं न पटणं वेगळं होतं, तेही मला ठाऊक आहे. शिवाय त्या माझ्याकडं सल्ला मागायला आल्या नव्हत्या, लाईट ठरवायला आल्या होत्या. मुलगी म्हणाली, मी त्यांना सांगणार आहे, पण लग्न झाल्यावर, मी स्वतः. आई म्हणाली, नको सांगू. दोघींचं तिथंच सुरू झालं. मी डबी काढून काउंटरवर ठेवली.

आम्ही एकेक नाव घेतलं. माळ लावली नाही, नुसती नावं. दुकानात मला तिच्यावर प्रयोग करायचा नव्हता.

"कॉम्बिनेशन?"

"त्याच्यात सारंच येते. नको."

"वेव्हज?"

"हळू असन तं ठीक. पण नकोच."

"ट्विंकल फ्लॅश?"

"मुळीच नाई."

"स्लो ग्लो. निखाऱ्यावर फुंकर मारल्यावाणी चढते, मग उतरते. दम खाऊन."

तिनं थोडा विचार केला. "थे चालन. डॉक्टर म्हणे, हळू असलं तं भीती नाई." मग तिनं आणखी एक सांगितलं. तसा उजेड समोर आलाच, तर ती एका डोळ्यावर तळहात घट्ट धरते. दोन्ही डोळे मिटून उपयोग नाही, उजेड पापणीतून आत येतो. एक डोळा पुरता झाकला की बचाव होतो. "स्टेजवर मी एका डोळ्यावर हात ठेवला तं समजजा," ती म्हणाली.

मी शब्द दिला की मांडवात लुकलुकणारं काही लागणार नाही आणि का ते कुणाला कळणार नाही. फोटोवाल्याचं मुलीच्या वडिलांनी पाहिलं. फ्लॅश मारू नको, पोरीचे डोळे चुरचुरतात, असं त्याला सांगितलं. गफूरभाईंना मी म्हटलं, सगळी लाईट बंद ठेवायची, नवरीच्या बापाची तशी हौस आहे. ते म्हणाले, "शादी है भाभी, या दवाखाना?"

त्यांना खरं सांगितलं असतं तर पुढचं घडलं नसतं. पण शब्द दिला होता.

सगळ्या माळांच्या डब्या आम्ही कापल्या आणि तारा सरळ जोडल्या. डबी गेली की माळ एकच गोष्ट करते, पेटते. पण नुसता पेटलेला मांडव खरंच दवाखान्यासारखा दिसतो, हे मलाही दिसत होतं. म्हणून स्टेजच्या दोन्ही बाजूंना सॅटीनचं पिवळं कापड सोडलं, मागं टेबलफॅन अगदी हळू ठेवला आणि खालून एक स्थिर दिवा. उजेड जागचा हलत नव्हता, कापड हलत होतं. कुंदाच्या शब्दात ते शिमर. लग्नघरच्या बाया येऊन कापडाला हात लावून गेल्या, म्हणजे आवडलं होतं.

लग्न शहराबाहेरच्या लॉनवर, रात्रीच्या मुहूर्तावर होतं. वरात परतवाड्याहून यायची होती. आमच्याकडं अशी रीत आहे की वरात दारात येण्याआधी मुलाकडचा एक मोठा माणूस पुढं येतो. मांडव, जेवण, बसण्याची सोय सगळं पाहून घेतो. तो जे म्हणेल ते मुलीकडचे करतात. त्याला नाही म्हणत नाहीत. त्या दिवशी मुलाचा मामा आला. त्यानं वांग्याची भाजी चाखली, खुर्च्या पाहिल्या, मग मान वर करून लाईट पाहिली आणि मुलीच्या काकाला म्हणाला, "लाईट मेल्यावाणी काहून हाये? आमच्याकडं तेरवीलेबी याच्याहून चालू लाईट राह्यते."

काकाला फिटचं काही माहीत नव्हतं. मुलीच्या आईबापानं त्याच्यापासूनही लपवलं होतं. तो तसाच गफूरभाईंकडं गेला आणि स्टेजच्या मागं चालू लाईट लाव, आत्ताच्या आत्ता, असं सांगून आला. मी तेव्हा लॉनच्या दुसऱ्या टोकाला जनरेटरमध्ये डिझेल किती आहे ते पाहत होते. गफूरभाई माझ्या हुकमाचा माणूस. त्यांनी फ्लॅश लावला नाही. गाडीत उरलेल्या डबीवाल्या चार माळा काढल्या, स्टेजमागच्या बांबूंना वर बांधल्या आणि चारही डब्या स्लो ग्लोवर ठेवल्या. मी परत आले तेव्हा लाल-पिवळा उजेड सावकाश चढत होता, उतरत होता. विचारलं, तर त्यांनी मामाचं सांगितलं. मुलीनं स्लो ग्लोला होकार दिलेला होता. मी राहू दिलं. खरं म्हणजे ते चांगलं दिसत होतं.

आता डबीची एक गोष्ट सांगायला पाहिजे. डबीला आठवण नसते. लाईन गेली आणि परत आली की ती आधी कुठं होती ते विसरते आणि पहिल्या चालीपासून सुरू होते. पहिली चाल कॉम्बिनेशन, म्हणजे बाकीच्या सातही चाली एकामागून एक. त्यामुळं कुठल्याही लग्नात लाईन जाऊन जनरेटर सुरू झाला की वायरमनला फिरून एकेक डबीचं बटण पुन्हा दाबावं लागतं. हे काम आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं की त्याचा वेगळा विचार कुणी करत नाही. मीही त्या दिवशी केला नाही, गफूरभाईंनीही नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी जनरेटरपाशी होते, तिथून स्टेज समोर दिसत होतं. अंतरपाट धरलेला, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी. तिसरं की चौथं मंगलाष्टक असताना लाईन गेली. जनरेटर धडधडला, मी मेन स्विच टाकला, मांडव पेटला. लोकांनी हुश्श केलं. आणि स्टेजमागच्या चार माळा पहिल्यापासून सुरू झाल्या. आधी लाटा. मग पळती. चारही डब्या एका वेळी सुरू झालेल्या, त्यामुळं चारही एकाच वेळी चाल बदलत होत्या.

गफूरभाई निघाले होते, पण रोजच्यासारखे, रमतगमत. त्यांच्या लेखी घाई कसली. डब्या बांबूवर उंच होत्या, शिडी आणायची होती. मी हाका मारल्या. जनरेटरच्या आवाजात आणि मंगलाष्टकांच्या भोंग्यात त्यांना काही ऐकू गेलं नाही.

मग माळा भराभर लुकलुकायला लागल्या. अक्षता टाकणाऱ्या पोरांना मजा वाटली, ती ओरडली. मुलीनं उजवा हात उचलला आणि एका डोळ्यावर घट्ट धरला. माझ्या पुढं बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, रडून राहिली बिचारी.

मी मेन ओढला.

अख्खा लॉन काळा झाला. भटजींचा आवाज मध्येच बंद पडला. कुणी हसलं, कुणाचं मूल रडायला लागलं, मग सगळेच एकदम बोलायला लागले. ज्याला आमचा धंदा माहीत नाही त्याला सांगते, मुहूर्ताच्या वेळी लाईन जाणं हे दुर्दैव असतं, पण मंडपवाल्यानं स्वतःच्या हातानं मेन ओढणं हे आमच्यात कुणी करत नाही. अंतरपाट धरलेला असताना अंधार म्हणजे अपशकुन. लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

मुलीचे वडील धावत माझ्याकडं आले. मी हळूच म्हटलं, वरच्या डब्या काढते, तोवर लाईट देत नाही. त्यांनी मान हलवली. कळलं होतं. तेवढ्यात त्यांच्या मागं मामा आला, मागं दहा माणसं. मामानं मोबाईलचा उजेड माझ्या डोळ्यावर धरला आणि विचारलं, मुहूर्तावर लाईट कोणं बंद केली.

मुलीचे वडील माझ्याकडं वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईच्या हाती धंदा गेला की हेच होते. चालवता येत नाई तं दुकान काहून उघडून बसली तू?"

तोंड असं बोलत होतं. खाली पोटापाशी, मामाचा उजेड पोचत नव्हता तिथं, त्यांनी दोन्ही हात जोडलेले होते.

मी म्हटलं, "चुकलं माझं. चुकून हात लागला."

मामा आणखी बरंच बोलला. मुलाची आईही आली आणि बोलली. ती उंच, धडधाकट बाई; व्हिडिओवाल्यानं आता लावलेला बॅटरीवरचा झगझगीत दिवा तिच्या तोंडावर होता आणि पापणी न हलवता ती मला माझी लायकी सांगत होती. मी ऐकून घेतलं. तेवढ्या वेळात गफूरभाईंनी शिडीवर चढून चारही माळा पकडीनं तोडल्या. आम्ही स्वयंपाकाकडचे दोन फोकस उचलून स्टेजसमोर आणले आणि मग मी मेन टाकला. पांढरा, रखरखीत उजेड. त्यात नवरानवरी मेडिकलच्या काचेतल्या बाटल्यांसारखे दिसत होते. पण उजेड जागचा हलत नव्हता. मुलगी उभी होती. हात खाली आला होता. आई तिच्या दंडाला धरून मागं उभी होती. भटजींनी राहिलेली मंगलाष्टकं म्हटली आणि लग्न लागलं.

सामान उतरवताना गफूरभाई म्हणाले, "भाभी, मेन क्यों खींचा? मैं बटन दबाने जा ही रहा था."

मी म्हटलं, हात लागला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत माझा हात कधी चुकून मेनला लागला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. ते वायर गुंडाळायला लागले. पण नंतर बाजारात त्यांनीच कुणाला तरी सांगितलं की भाभीचं आता वय झालं, लाईट गेली की घाबरतात. मला ते लागलं. मामाचं बोलणं लागलं नव्हतं, तो परका माणूस. मुलीच्या बापाचंही नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. गफूरभाईंना मी खरं कधी सांगितलं नाही. ते आता काम करत नाहीत, मुलाकडं राहतात. त्या हंगामात लॉनवाले दुसऱ्यांना बोलवायला लागले, आणि पुढं मीही धंदा आवरता घेतला. फक्त त्या लग्नामुळं आवरला असं नाही. गुडघेही गेले होते.

मुलीचं पुढं काय झालं ते मला कळायला मार्ग नव्हता. तिची आई एकदा भाजीबाजारात दिसली. आम्ही दोघींनी मेथी पाहिली, एकमेकींना पाहिलं नाही.

दिवाळी जवळ आली. दुकान अजून होतं, पण मी उरलेला माल काढून टाकत होते. एका सकाळी दारात मोटारसायकल थांबली आणि तो मुलगा आत आला. नवरामुलगा. पहिला दिवाळसण, बायकोला माहेरी सोडायला आला असणार. मी त्याला लगेच ओळखलं. त्यानंही मला. म्हणाला, "तुमीच न थ्या, मेन ओढला होता."

"मीच."

वाटलं, भांडायला आला. आई आणि मामा झाले, आता हा राहिला होता. पण त्यानं हातातली पिशवी काउंटरवर उलटी केली. माळा होत्या, नव्या, खोक्यातल्या, प्रत्येकीला डबी.

"याच्या डब्या काढून द्या," तो म्हणाला. "सरळ पेटल्या पाह्यजेत. गॅलरीतलीबी, देवघरातलीबी."

मी म्हटलं, परतवाड्यात वायरमन नाहीत काय.

"हायेत. पण थे विचारतात."

"मीबी विचारते. काहून काढायच्या?"

तो माळेचा गुंता सोडवत बसला. मग म्हणाला, "आईचे डोळे दुखतात लुकलुकीनं."

मला त्याची आई आठवली, व्हिडिओच्या दिव्यात पापणी न हलवता उभी राहिलेली. म्हणजे मुलीनं त्याला सांगितलं होतं. आणि त्यानं आईला सांगितलेलं नव्हतं. लपवणाऱ्यांत एक माणूस कमी होईल असं मला वाटलं होतं, तो वाढला होता. आईला सांगून टाक, असं माझ्या तोंडाशी आलं. मग म्हटलं, हे मी एका बाईला सांगून पाहिलं आहे. पकड घेतली आणि पहिली डबी कापली.

तो जवळ येऊन उभा राहिला आणि मी तारा कशा पिळते, टेप कशी गुंडाळते ते बघत होता. त्यानं विचारलं, "लाईन गेली अन् आली तं? मंग हे काही दुसरंच करन काय?"

"डबीच नाई तं काय करन. होती तशीच पेटन."

त्याचा विश्वास बसला नसावा. त्यानं माझ्या हातून माळ घेतली, भिंतीच्या सॉकेटमध्ये पिन लावली, काढली, पुन्हा लावली. माळ तशीच पेटली. मग दुसरी लावली, काढली, लावली. मग तिसरी. दुकानात आणखी गिऱ्हाईक आलं होतं, ते खोळंबलं. मी त्याला म्हटलं, आता जा, सगळ्या सारख्याच आहेत. त्यानं मान हलवली आणि पुढची माळ उचलली.